तोंड नसलेल्या दगडाची उजवी बाजू

प्रिय अनुजा आणि रोहन,

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही हसायला मोकळे. भुतंखेतं, देवऋषी, अंगात येणं... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. माझ्या वडिलांच्या घरात दृष्ट काढायलासुद्धा बंदी होती. पुढे मी सगळी नोकरी शाळेत भूमिती शिकवण्यात घालवली, आणि भूमितीत एकच शिस्त असते — सिद्ध झालं तर ठेवायचं, नाही तर फळा पुसायचा. ही एक गोष्ट मात्र इतकी वर्षं फळ्यावर तशीच आहे. सिद्ध होत नाही आणि पुसताही येत नाही.

अनुजा, परवा तू तुझ्या युनिव्हर्सिटीतल्या त्या शिल्पाचे दोन फोटो पाठवलेस. आवारात उघड्यावर उभं असलेलं, कशाचंच नसलेलं शिल्प. परीक्षेला जाताना मुलं त्याला हात लावून जातात म्हणे — 'आजी, हा आमचा गणपती!' मी उत्तर दिलं, 'तू लावू नकोस.' त्यावर तुम्ही दोघांनी हसणारे चेहरे पाठवलेत. रोहन म्हणाला, असं काही असेल तर अमानवीय अनुभवांच्या त्या वेबसाइटवर लिही, तिथे लोक आवडीने वाचतात. बरं, लिहिते. आधी तुमच्यासाठी. मग रोहनला हवं तर त्याने तिकडे टाकावं.

आधी जागा सांगते, कारण पुढे ती लागणार आहे.

स्वातंत्र्य मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आम्ही नगरला राहत होतो. तिथे कॉलेज नवंच निघालं होतं. त्याआधी शिकायचं तर पुणं गाठावं लागे. शहराच्या कडेला, कँपच्या बाजूला, लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये वर्ग भरत. मधे मोठं मैदान. मैदानाच्या एका टोकाला गेट, समोरच्या टोकाला बराकी. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला एक जुना कडुनिंब आणि उजव्या हाताला विहीर. हे एवढं लक्षात ठेवा — गेट, बराकी, कडुनिंब, विहीर. चार बाजूंना चार गोष्टी. आणि बरोबर मधोमध तो दगड.

तो दगड माझ्या भावाने घडवला होता. माझा मोठा भाऊ वसंत, म्हणजे आमचा दादा, मुंबईहून शिल्पकला शिकून आला होता. तिथे परदेशी मासिकांत त्याने नाक-डोळे नसलेल्या मूर्तींचे फोटो पाहिले होते आणि डोक्यात तेच भरून घेतलं होतं. प्रिन्सिपॉलसाहेबांना मैदानात काहीतरी शोभेचं हवं होतं. सगळ्यांना वाटलं, कुणा पुढाऱ्याचा पुतळा होणार. दादाने खाणीतून काळा दगड आणवला आणि पावसाळाभर एका बराकीत तो ठोकत बसला. दसऱ्याच्या सुमारास दगड मैदानात उभा राहिला.

पुरुषभर उंचीचा. खाली एकसंध, वर दोन भाग झालेले, दोन खांद्यांसारखे, एकमेकांकडे किंचित झुकलेले. मधे हात जाईल एवढी फट. गेटकडून पाहा की बराकींकडून, अगदी सारखाच दिसे.

"वसंतराव, हे कुणाचं आहे?" प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं.

"कुणाचंच नाही सर. आकृती आहे."

"ते ठीक. पण तोंड गेटकडेच ठेवलंत ना? पाहुणे तिकडून येतात."

"याला तोंड नाही, सर. पुढची बाजू नाही, मागची नाही. कुठूनही बघावं."

साहेब 'हं' म्हणाले आणि ऑफिसात गेले. मुलांनी आठवड्याच्या आत त्याचं नाव 'दाढ' ठेवलं. 'चारला दाढेपाशी ये.' 'आज दाढ दुखतेय का रे?' दादा हसून सोडून द्यायचा, पण मनातून त्याला लागायचं. गेटवरचे कासमभाई तर रोज त्याला अडवायचे.

"वसंतभैया, एक बोर्ड लगाव जी. येनारा-जानारा पूछतो, हे काय हाय. मी काय सांगू?"

"सांगायचं, काही नाही."

"काही नाही सांगायला येवढा मोठा फत्तर?"

याच गेटबाहेर गयाबाई बसायची. शेंगा, बोरं, हरभऱ्याचे ढाळे... हंगामाप्रमाणे पाटीत जे असेल ते. राहुरीच्या रस्त्यावरच्या एका वाडीतून ती सून बरोबर घेऊन पायी यायची. सुनेचं नाव तारा. माझ्याच वयाची. गव्हाळ, उंच, बोलायला फटकळ. गयाबाईचा एकुलता एक मुलगा मारुती लढाईच्या काळात पलटणीत भरती झाला, बोटीने सिंगापूरकडे गेला, आणि मग 'बेपत्ता' एवढी तार आली. पुढे काहीच नाही. लढाई संपली, आसपासच्या गावांतले परत आले, काही मेल्याची पक्की खबर आली. मारुतीचं ना हे, ना ते. तारा त्याच्याबरोबर नांदली होती जेमतेम एक सुगी.

तास नसला की मी पुस्तक घेऊन कडुनिंबाखाली बसे. पाटी रिकामी झाली की तारा शेजारी येऊन टेकायची.

"ताई, लई वाचलं तर डोळं बसत्यात म्हनं."

"उलट उघडतात."

"मंग मला बी बसवा की वर्गात. पन कोन्च्या वर्गात बसवाल? लगीन झालेल्यांच्या का न झालेल्यांच्या? माझं मलाच ठावं न्हाई, मी कोन हाय ते."

ती हसत म्हणायची, पण एकदा हसली नाही. कपाळावरच्या कुंकवाला बोट लावून म्हणाली, "सकाळी हे लावते तवा वाटतं, मेलेल्याचं लावते हाय. पुसाया बोट नेलं की वाटतं, जित्याचं पुसते हाय."

त्या थंडीत तिला मागणी आली. पुणतांब्याचा एक शेतकरी, बायको बाळंतपणात गेलेली, गोदावरीकाठची जमीन, माणूस सरळ. त्याने ताराला कुठल्याशा लग्नात पाहिलं होतं. त्यांच्यात बाईला पाट लावता येई, म्हणजे दुसरं लग्न करता येई, त्यात कमीपणा नव्हता. अडचण एकच — मारुती मेला असेल तर पाट लावायचा. जिवंत असेल तर कसा लावायचा? गयाबाई काही दुष्ट सासू नव्हती हं. तारावर तिचा जीव होता. "पोर सुटावी असंच वाटतं वो," ती मला म्हणाली होती. "पन उद्या पोरगं दारात हुबं ऱ्हायलं तर त्येला काय सांगू? तुजी बायकू दिली म्हनून?"

मग एका सकाळी ती ताराला घेऊन थेट मैदानात आली. पदरात शेवंतीचं फूल होतं. दादा तिथेच दगडाला मेणाचा हात देत होता.

"मास्तर, तुमच्या देवाला कौल लावायचाय."

तुम्हाला कौल ठाऊक नसेल. देवाच्या दगडावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक, अशा दोन पाकळ्या किंवा दाणे पाण्याने चिकटवतात आणि देवाला प्रश्न घालतात. उजवी आधी पडली तर 'होय', डावी पडली तर 'नाही'. उजवी म्हणजे देवाची उजवी, आपली नव्हे. जमीन, लग्न, गुरं... लोक सगळ्यालाच कौल लावत.

दादा हसला. "गयाबाई, हा देव नाही. मी केलाय हा. तुम्ही तुमच्या गावच्या म्हसोबाला विचारा ना."

"इचारलं की. धा बारी इचारलं. दर बारी उजवी. पोरगं हाय म्हनतो. मंग कुटं हाय? मास्तर, म्हसोबा आमचाच. घरातल्या मानसावानी. आईच्या तोंडावर त्यो कसा म्हनंल, तुजा ल्योक मेला म्हनून? भीड पडती देवालाबी." तिने दगडाकडे हात केला. "ह्यो कुनाचा न्हाई. ह्येला नाव न्हाई, गाव न्हाई, कुनाचा निवद खाल्ला न्हाई. ह्यो कुनाची भीड धरनार? शिंगनापूरचा शनिदेव बी असाच हाय, ना हात ना तोंड, हुबा उघड्यावर."

दादाने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, "बरं, पण याला तोंडच नाही. उजवी बाजू कुठली धरणार?"

गयाबाईला हा प्रश्न पडलाच नव्हता. तिने एकदा दगडाभोवती चक्कर मारली आणि ठरवून टाकलं. "गेटाकडं तोंड. समदी मानसं तिकडूनच येत्यात."

म्हणजे बघा — दगडाचं तोंड गेटकडे धरलं की त्याची उजवी ही कडुनिंबाकडची बाजू, आणि डावी ही विहिरीकडची.

पाकळ्या कुमारिकेने लावायच्या अशी त्यांची रीत. ते काम माझ्याकडे आलं. मला गंमत वाटत होती. शिवाय म्हटलं, चला, लागला निकाल तर एका मुलीचं आयुष्य मार्गी लागेल. पाकळी पडायला देव लागत नाही, वारा पुरतो. शेवंतीच्या दोन पाकळ्या तांब्यात बुडवून मी दोन्ही खांद्यांच्या बाहेरच्या उतारावर, छातीइतक्या उंचीवर चिकटवल्या. गयाबाई गेटच्या बाजूने समोर उभी राहिली, पदर पसरून म्हणाली, "बाबा, तुला नाव न्हाई, मी तुला नावानं कशी हाक मारू? माजा मारुती हाय का न्हाई, येवढं सांग. हाय तर उजवी सोड. न्हाई तर डावी."

आम्ही थांबलो. तारा पाकळ्यांकडे बघतही नव्हती, जमिनीकडे बघत होती.

ऊन चढलं. माझा तास सुरू झाला, संपला. दोन्ही पाकळ्या जागेवर. वारा सुटला, मैदानातला पाचोळा उडाला, पाकळ्या हलल्या नाहीत. संध्याकाळी गयाबाई उठली. "इचार करतोय," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी आधी दगडाकडे गेले. पाकळ्या होत्या. बोट लावलं... ओल्या होत्या. दव असेल. त्या आठवड्यात कडक कोरडी थंडी पडली, गावातली सगळ्यांची शेवंती काळी पडली, आणि या दोन पाकळ्या मात्र नुकत्या तोडल्यासारख्या पिवळ्या. दादा म्हणाला, मेण आहे, मेणात फूल टिकतं. म्हणून त्याने शेवंतीच्याच आणखी दोन पाकळ्या शेजारी लावून पाहिल्या. त्या दुपारी वाळून पडल्या. मग त्याने जुनी एक पाकळी नखाने उचलून पाहायचं ठरवलं. कडेला नख घातलं आणि हात मागे घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

"दादा?"

"दुसऱ्या बाजूने कुणीतरी धरून ठेवल्यासारखी वाटते, सुमे. जाऊ दे. मूर्खपणा आहे."

मला संशय होता की कुणी चावट पोरगा रोज पाकळ्या बदलत असेल. मी कासमभाईंना नजर ठेवायला सांगितलं. ते लष्करात चौकीदारी केलेले. त्यांच्या नजरेतून मांजर सुटत नसे. काही दिवसांनी त्यांनीच मला थांबवलं. "ताई, कोई नही आता वहां. मैं कसम खाके बोलतो. वो पत्ता बदलत नाय. तुमी त्याला हात नका लावू." त्यानंतर बोर्ड लावायचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि पोरांनीही त्याला 'दाढ' म्हणणं सोडलं. मैदान ओलांडताना मुलं जरा लांबून जाऊ लागली.

या सगळ्यात तारा अडकली ना. कौल अर्धवट सोडून पाट लावता येत नाही. पुणतांब्याच्या माणसाने संक्रांतीपर्यंत वाट पाहिली, मग निरोप पाठवला, आणि मग दुसरीकडे लग्न केलं. त्याची तरी काय चूक? घरात लहान मूल होतं त्याच्या. बातमी आली त्या दिवशी तारा नेहमीसारखीच पाटीशी बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "ताई, एक सांगा. तुमच्या पुस्तकात असं असतंय का, मानूस जिता बी न्हाई आनि मेला बी न्हाई?"

"नसतं असं, तारा."

"मंग पुस्तकं लिवनारा आमच्या घरी आला न्हाई."

चैत्र लागला. परीक्षा आल्या, मैदान रिकामं पडलं. एका दुपारी मी लायब्ररीच्या बराकीतून बाहेर पडले तर समोर तारा, एकटी. दगडाच्या अलीकडे, बराकींच्या बाजूला जी वीतभर सावली होती, तिच्यात अनवाणी उभी. मला पाठमोरी. एक तळहात तिने दोन खांद्यांमधल्या फटीत घातला होता.

मी हाक मारणार तेवढ्यात विहिरीकडची पाकळी सुटली. वारा नव्हता. गळून पडली नाही, सुटली — कुणी बोटं उघडावीत तशी. ताराने दुसऱ्या हाताने ती झेलली.

मी धावत गेले. तिचा चेहरा शांत होता.

"काय केलंस?"

"इचारलं."

"मारुतीचं?"

"न्हाई. त्येचं आत्याबाईनी इचारलंय." सासूला ती आत्याबाई म्हणायची. "माजं कुनी इचारलंच न्हवतं ताई. आज म्या इचारलं. म्हनलं, त्येचं ऱ्हाऊ दे बाजूला. मी जगू का, येवढं सांग." तिने मूठ उघडली. "डावी पडली."

"तारा, पाकळी आहे ती! इतके महिने झाले, वाळली, पडली."

"वाळली?" तिने ती माझ्या हातावर ठेवली. पाकळी गार होती, आणि ओली. चैत्रातल्या दुपारी, तापलेल्या दगडावरून पडलेली.

मी तिला बरंच काही बोलले. शीक म्हटलं, आमच्या घरी येऊन राहा म्हटलं, मी शिकवते तुला. ती ऐकत होती, मान हलवत होती, शेवटी माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "तुमी लई ग्वाड बोलता." आणि गेली.

त्याच आठवड्यात त्यांच्या वाडीत पटकी आली. पटकी म्हणजे कॉलरा. ओढ्याचं पाणी आटलं की दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे यायचीच, त्यात नवल नव्हतं. बरेच जण आजारी पडले आणि बरेच उठलेही. तारा उठली नाही. गयाबाई पुढे किती तरी दिवसांनी गेटवर आली, रिकाम्या हाताने, मला एवढं सांगायला —

"पटकीचं मानूस पान्यासाठी तडफडतं ताई. समदी 'पानी, पानी' करत हुती. हिनं एकदा बी मागितलं न्हाई. मी तांब्या तोंडाशी नेला तर मान फिरवली. म्हनली, 'डावी पडलीया आत्याबाई. कशाला उगा.' कशाची डावी वो ताई? तुमाला ठावं हाय का?"

मी सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ती गेटमधून आत दगडापर्यंत गेली. कडुनिंबाकडच्या खांद्यावर दुसरी पाकळी अजून तशीच होती, पिवळी.

ती पाकळी उन्हाळाभर राहिली. पावसाळाभर राहिली... नगरचा पाऊस तो केवढा, पण आडव्या सरी आल्या होत्या. दादा आता त्या बाजूला फिरकत नसे.

दिवाळीच्या आधी मारुती आला.

हो. आला. गयाबाईच त्याला घेऊन आली, गेटमधून सरळ दगडापर्यंत. मी आणि दादा तिथे होतो. माणूस हडकलेला, कानाच्या वर लांब व्रण, केस त्या जागी उगवलेले नव्हते. मराठी बोलताना मधेच थांबून शब्द शोधायचा. डोक्याला मार बसला होता. मलायात रबराच्या मळ्यात कुणीतरी त्याला ठेवून घेतलं होतं. स्वतःचं नाव, गाव, काही म्हणता काही त्याला आठवत नव्हतं. तिथले लोक त्याला कसल्याशा वेगळ्याच नावाने हाक मारत आणि तो 'ओ' देई.

"मग आठवलं कसं?" दादाने विचारलं.

"एका दुपारी झाडाखाली बसल्तो. एकदम तारा आठवली. आदी ती. मंग आई. मंग वाडी. नाव माजं लई मागनं आठवलं." तो थांबला. "कुनीतरी फटीतनं हात घालावा आन् धरून वडावं, तसं झालं."

मी महिना विचारला. त्याला नीट सांगता येईना. तिकडे थंडी-उन्हाळा आपल्यासारखा नसतो म्हणाला. निघायला, कागद व्हायला, बोट मिळायला काही महिने गेले... मी मनात हिशेब केला आणि सोडून दिला. हिशेबात ताराचा तो चैत्र येतही होता, आणि तोच येईल असंही नव्हतं.

गयाबाई दगडाकडे बघत म्हणाली, "मंग ह्यो तरी बिचारा काय सांगनार हुता? तवा माज्या पोराचं पोरालाच ठावं न्हवतं, आपुन हाय का न्हाई."

मारुतीने त्या एका पाकळीकडे बोट केलं. "ही काय हाय?"

"उजवी. तू हायेस म्हनायची."

त्याने हात पुढे केला. बोट लागायच्या आधीच पाकळी सुटली आणि त्याच्या तळव्यावर पडली. पडेपर्यंत पिवळी होती. तळव्यावर मात्र नुसता करडा भुगा. त्याने तो बराच वेळ धरून ठेवला.

"आन् डावी कशाची हुती?" त्याने विचारलं.

गयाबाईने त्याचा दंड धरला आणि त्याला गेटकडे नेलं.

मारुती वाडीतच राहिला, शेती केली. पुन्हा लग्न केलं नाही. दादाने तसला दगड पुन्हा घडवला नाही. जन्मभर पुतळेच केले. पुढाऱ्यांचे, शेठजींचे, नाक-डोळे-चष्म्यासकट. कुणी टोकलं तर म्हणे, "चेहरा असला की माणूस कुठे बघतोय ते तरी कळतं." मला वाटायचं, थट्टा करतोय. कॉलेजच्या पक्क्या इमारती झाल्या तेव्हा दगड हलवला असं ऐकलं. कुठे नेला ते सांगणारं कुणी भेटलं नाही.

एवढीच गोष्ट आहे, आणि ती मी आजपर्यंत कुणाला सांगितली नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही सिद्ध होत नव्हतं. पाकळी मेणाने टिकली असेल. तारा पटकीने गेली. मारुतीची आठवण डोक्यातली सूज उतरली म्हणून परत आली असेल. प्रत्येकाचं वेगळं कारण देता येतं. सगळी एकत्र ठेवली की देता येत नाही.

मग आताच का लिहिलं? अनुजा, तुझ्या फोटोंमुळे. दोन्ही फोटो एकाच शिल्पाचे. एकात त्याच्या कडेचा गंजाचा डाग डावीकडे आहे, दुसऱ्यात उजवीकडे. मला आधी वाटलं दोन डाग आहेत. मग लक्षात आलं, दुसरा फोटो तू मागून काढला आहेस. की पुढून? तोंड नसलं की कोण ठरवणार?

चष्मा पुसून मी पुन्हा पाहिलं, आणि मला ती दुपार दिसली. तारा गेटच्या बाजूला उभी नव्हती. ती बराकींच्या बाजूला होती, सावलीला. दगडाचं तोंड गेटकडे, हे गयाबाईने ठरवलेलं, दगडाने नव्हे. तो जर विचारणाऱ्याकडे तोंड करून उभा राहत असेल, तर त्या दुपारी त्याचं तोंड बराकींकडे होतं. आणि मग विहिरीकडची ती पाकळी...

उजवी होती.

मी जगू का, असं तिने विचारलं होतं. त्याने बहुतेक 'होय' म्हटलं. किंवा त्याने काहीच म्हटलं नाही, तो दगड होता. यातलं कुठलं खरं असावं अशी मी इच्छा करू, तेच मला कळत नाही. साठ-सत्तर वर्षं भूमिती येत असूनही.

परीक्षेला जाताना लाव हवा तर हात. विचारू मात्र काही नकोस.

— तुमची आजी